ताटात उरलेलं

९ फेब्रुवारी

वन्सं,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नका. आमच्याकडे फोन फक्त ओट्याजवळच्या खिडकीत लागतो आणि तिथे बोललेलं तुमच्या बाबांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. पत्र बसच्या कंडक्टरकडे देतेय, तो तुमच्या शिवणकारखान्याच्या फाटकावर पोचतं करेल.

बिट्टी जेवत नाही. अगदी टाकूनच दिलंय असं नाही. ताटावर बसते, चार घास खाते, बाकीचं एका कडेला नीट सारते आणि "झालं" म्हणते. आधी वाटलं, आठवं लागलंय, नखरे सुरू झाले. पण परवा शाळेतून बाईंचा निरोप आला म्हणून गेले, तर म्हणाल्या, सकाळी रांगेत उभी असताना ती खाली बसते. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते. वन्सं, आमच्या घरात अंड्यांचे ट्रे छताला टेकलेत. गावोगावच्या पोरांना आम्ही अंडी पुरवतो आणि आमची पोर काडीसारखी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुमच्या भावाला सांगितलं. ते पहाटे गाडी भरून निघतात ते संध्याकाळी येतात, त्यांना ती जेवताना दिसते कुठे? म्हणाले, भूक लागली की खाईल. बाबा म्हणतात, दृष्ट लागली. मी कुणाचं ऐकू?

तिच्या आवडीचं सगळं करून झालं. उरलेलं टाकवत नाही, मग ओट्याशी उभ्या उभ्या मीच ते संपवते. तुमच्याकडे शहरात चार शहाणी माणसं आहेत, कुणाला तरी विचारा.

सोबत माझे दोन ड्रेस पाठवतेय, कडेने आत घ्या. धुवून धुवून सैल झालेत.

तुमची वहिनी


१६ फेब्रुवारी

वहिनी,

कंडक्टरने पत्र माझ्या हातात न देता मुकादमाच्या हातात दिलं. त्यामुळे आता अख्ख्या कारखान्याला माहीत आहे की मला गावाहून पत्र येतं. दोघींनी तर माझं लग्नही ठरवून टाकलं.

आता बिट्टीचं. तुला राग येईल, पण पहिली शंका मला त्या नाक्यावरच्या दुकानाची. आमच्या शेजारणीचा मुलगा दिवसभर पाकिटं फोडतो आणि जेवणाच्या वेळी त्याचं पोट दुखतं. तुझ्या घरात फडताळात बिस्किटांचा डबा आहे, तो मी स्वतः पाहिलाय. डबा वर ठेव, नाहीतर आणूच नकोस.

दुसरं म्हणजे, तू फार मऊ आहेस. ती "झालं" म्हणाली की तू ताट उचलतेस. उचलू नकोस. शेजारी बस आणि ताट रिकामं होईपर्यंत हलू देऊ नकोस. दादालाही बसव. आम्हा भावंडांना असंच वाढवलं आणि आमचं काही बिघडलं नाही. दादाचं थोडं बिघडलं, पण ते जेवणाने नाही.

तिचं वजन कुठे होतं का बघ. आणि मला लगेच लिही, माझा जीव टांगणीला लागलाय.

ड्रेस आत घ्यायला घेतले आहेत.

तुझी नणंद


११ मार्च

वन्सं,

उशीर झाला. लिहायचं मनच होईना.

डबा वर ठेवला. तिने विचारलंसुद्धा नाही. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, तुमची पोर कित्येक दिवसांत इकडे फिरकली नाही. म्हणजे पाकिटांचा दोष नाही. मला तर तो निघाला असता तर बरं वाटलं असतं.

मग तुमचं दुसरं सांगणं ऐकलं. त्या दिवशी हे लवकर आले होते. भात, वालाची उसळ आणि उकडलेलं अंडं, तिला आवडतं तसंच. तिने अर्धं अंडं खाल्लं, अर्धं कडेला ठेवलं आणि "झालं" म्हणाली. हे म्हणाले, "काय झालं? ताटात आहे ते कोण खाणार?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"आईकडे काय बघतेस? ती नाही सोडवणार तुला. संपल्याशिवाय उठायचं नाही."

मीही म्हटलं, "खा गं राणी, पप्पा सांगतायत ना." मला वाटलं, आपण दोघं एका सुरात बोललो तर ऐकेल. तिने उरलेलं सगळं एकदम तोंडात कोंबलं. गाल फुगले होते आणि डोळ्यांतून पाणी. तशीच उठून कोंबड्यांच्या खुराड्यामागे धावली आणि सगळं ओकली. ह्यांनी ताट बाजूला केलं आणि गाडी पुसायला गेले. आधीच पुसलेली होती ती गाडी. बाबांनी तोंडातली कवळी काढून वाटीत टाकली आणि म्हणाले, "ह्या घरात आता कुणी जेवू नका."

तेव्हापासून एक नवीन सुरू झालंय. घास घेताना ती ताटाकडे बघतच नाही. माझ्याकडे बघते, मी काय करते ते. मी भांडी घासत असले तरी पाठीवर तिची नजर कळते. मला भीती वाटते वन्सं. तिला माझी भीती बसली असेल का?

वजन आरोग्य केंद्रात केलं. नर्स म्हणाली, कमी आहे, लक्ष ठेवा. आणखी काय ठेवू?

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

चूक माझी झाली. स्वतःला मूल नसताना दुसऱ्याच्या मुलाला कसं वाढवावं हे सांगणं फार सोपं असतं. आता कुणी तिच्यावर ओरडू नका, काही कोंबू नका.

सुट्टी लागली की तिला माझ्याकडे पाठव. इथे चांगली बालरोगतज्ज्ञ आहे, कारखान्यातल्या सगळ्या जणी मुलांना तिच्याकडेच नेतात. तोवर खाईल तेवढं खाऊ दे.

तू कशी आहेस ते एकाही पत्रात लिहिलेलं नाहीस.

तुझी नणंद


२५ एप्रिल

वन्सं,

बिट्टीला ह्यांच्याबरोबर पाठवतेय. रात्री एकटी झोपत नाही, तुमच्या कुशीत घ्या. दूध गरम लागतं, पण साय दिसली तर पीत नाही. डॉक्टरांना सगळं सांगा आणि त्या काय म्हणाल्या ते मला जसंच्या तसं लिहा, गोड करून नको.

ह्यांना तिथे दोन घास खायला घाला. मी डबा दिला नाही, सकाळी जरा पडून होते. काही नाही, उन्हाने.

वहिनी


४ मे

वहिनी,

हे पत्र बसून वाच. बिट्टीला काहीही झालेलं नाही, ते आधीच सांगते.

पहिले दोन दिवस ती इथेही तशीच जेवली. चार घास, मग ताट कडेला. आणि प्रत्येक वेळी जेवून उठली की डाव्या हाताने ओटा धरायची, उजव्या हाताची मूठ बरगड्यांखाली दाबायची, थोडं वाकायची आणि डोळे मिटून उभी राहायची. म्हटलं, पोरीला दुखतंय आणि ती सांगत नाही. कारखान्यात सुट्टी टाकली आणि तिला उचलून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी तिला झोपवून पोट तपासलं. इथे दुखतं? नाही. इथे? नाही. मग विचारलं, "अगं, मग तू मूठ कशाला दाबतेस?"

बिट्टी म्हणाली, "जेवल्यावर असं करतात."

"कोण करतं?"

"आई. मोठी माणसं जेवली की असं करतात."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बिट्टीकडे बघत राहिले, कारण त्या बाईंकडे बघायची माझी हिंमत होईना. रक्त तपासलं, थोडं कमी आहे, औषध दिलंय. बाकी पोर खणखणीत आहे. निघताना त्या म्हणाल्या, "हिच्या आईला घेऊन या. लवकर."

घरी आल्यावर तुझे ते दोन ड्रेस पुन्हा काढले. मी वीस वर्षं कापड हाताळतेय. धुवून कापड आटतं, वहिनी, सैल होत नाही. आत घेताना दोन्ही कडांना तीन-तीन बोटं घेतली होती मी, आणि हातांनी शिवलं तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. मला सगळी काळजी पोरीची.

कधीपासून दुखतंय तुला? मला खरं सांग.

तुझी नणंद


९ मे

वन्सं,

बिट्टीला काही नाही हे वाचून सुटले. देवासारख्या धावलात.

बाकीचं मनावर घेऊ नका. पोरं नकला करतात. ती आजोबांचीही नक्कल करते, कवळी काढल्यावर बोलतात तशी. उद्या तुम्ही तिलाही दात नाहीत म्हणून डॉक्टरकडे न्याल. मला पित्ताचा त्रास आहे, घराघरांत बायकांना असतो. आल्याचा रस घेते. तेलकट खाल्लं की होतं, म्हणून खात नाही. न खाल्लं की होत नाही. मग कसला डॉक्टर?

तुम्ही ह्यांना काही बोलू नका. त्यांची गाडी, बाबांचं पथ्य, शिवाय ह्या महिन्यात नवीन पिल्लं येणार आहेत. घरात मी एकटीच सगळीकडे पुरते.

माझ्या आईलाही असंच व्हायचं. खाल्लं की मूठ दाबून बसायची. मग मामा तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, त्यांनी काय ते नाव सांगितलं आणि नाव कळल्यावर ती तीन महिनेही जगली नाही. नाव कळेपर्यंत ती हिंडतफिरत होती, वन्सं. भांडत होती, शेजाऱ्यांकडे जात होती. मला नाव नको आहे. बिट्टी अजून लहान आहे.

तिला वेळेवर परत पाठवा.

वहिनी


१२ मे

वहिनी,

एक गोष्ट मी गेल्या पत्रात लिहिली नव्हती. तुला लागेल म्हणून ठेवली होती. आता लिहिते, लागलं तर लागू दे.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी मी अंडी आणि भात केला. मला कडकडून भूक लागली होती, दिवसभर भीतीने पोटात काही गेलं नव्हतं. मी माझं ताट भरून घेतलं, तिच्यासमोर बसले आणि जेवायला लागले. ती बघत होती. माझं निम्मं झालं तेव्हा तिने विचारलं, "आत्या, हे सगळं तुझं?"

म्हटलं, "मग कुणाचं?"

"मग मी माझं सगळं संपवू?"

तिने ताट पुसून घेतलं, वहिनी. पुन्हा भात मागितला, पुन्हा अंडं मागितलं. मी वाढत गेले आणि ती खात गेली. मला रडावं की हसावं कळेना. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी का नाही गं संपवत?"

तिने काय उत्तर दिलं ते शब्दाला शब्द लिहिते. म्हणाली, "घरी संपवलं तर आई काय खाईल? ती ताट घेतच नाही. माझ्यात उरलं तरच खाते. थोडं उरलं की थोडंच खाते. म्हणून मी जास्त ठेवते."

पोर नखरे करत नव्हती. तुला जेवू घालत होती. दादा ओरडला त्या दिवशी ती अर्धं अंडं तुझ्यासाठी राखून बसली होती आणि आपण सगळ्यांनी मिळून ते तिच्याच घशात कोंबायला लावलं. ती तुझ्याकडे भीतीने बघत नाही. तू खाल्लंस का ते बघते.

तुला नाव नको आहे, ठीक. पण तुझ्या न खाण्याचा हिशेब ती तिच्या ताटातून चुकवतेय, आणि आठ वर्षांच्या अंगात किती दिवस पुरेल ते? तुझ्या आईला काय झालं होतं ते तिचं तिच्याबरोबर गेलं. तुला तेच असेल असं कुठे लिहिलंय?

सोमवारच्या पहिल्या बसने ये. कोंबड्या दादा बघेल, बाबांना मऊ भात तोही करू शकतो, हात काही गाडीच्या चाकाला शिवलेले नाहीत. तू उतरली नाहीस तर दुसऱ्या बसने मी येते आणि सगळं दादाला सांगते. मी बोलते तसं करते हे तुला माहीत आहे.

तुझी नणंद


२६ मे

छोटी,

मला पत्र लिहिता येत नाही, तरी लिहितोय. काल खिडकीत उभा राहून फोन लावत होतो, तुझं फक्त "ताप" एवढंच ऐकू आलं आणि लाइन गेली. त्यानंतर लागलाच नाही. कसला ताप? तुझ्या वहिनीचं ऑपरेशन नीट झालं म्हणाली होतीस ना? पित्ताच्या पिशवीतले खडे काढले, दुसरं काही निघालं नाही, असंच सांगितलं होतंस. ते खरं आहे का? माझ्यापासून लपवत असशील तर आता लपवू नकोस. घरात सगळ्यांनी आधीच पुष्कळ लपवलंय.

गाडीवर दुसरा माणूस दिलाय. बिट्टीला आणि बाबांना टाकून निघता येत नाही, नाहीतर चालत आलो असतो.

तुझ्याकडून परत आल्यापासून बिट्टी पुन्हा नीट जेवत नाही. मी ओरडलो नाही. काल ताटं मांडत होतो. बाबांचं, माझं, तिचं. ती म्हणाली, "आईचं ताट कुठलं?" मी मांडणीत शोधलं. ताटं पुष्कळ आहेत, पण तुझ्या वहिनीचं कुठलं ते मला सांगता येईना. ती ताटावर बसलेली मला आठवतच नाही. नऊ वर्षं झाली लग्नाला. मी जेवून उठायचो, ती ओट्याशी असायची, आणि मला वाटायचं ती जेवलेली असते. कधी, ते विचारावंसं वाटलं नाही.

भात करपला. बाबा म्हणाले चांगला झालाय. ते खोटं बोलले.

कंडक्टरकडे लगेच उत्तर दे. तो परत येईपर्यंत मी नाक्यावर थांबणार आहे.

दादा


२६ मे, दुपार

दादा,

कंडक्टर खाली उभा आहे म्हणून एवढंच. ताप आहे, टाक्याच्या जागी पू झाला होता, तो काढला. मी काही लपवत नाहीये. खडेच होते, पिशवी सुजून फुटायच्या बेतात आली होती. आणखी थोडं थांबलो असतो तर काय झालं असतं हे डॉक्टरांनी सांगितलं, ते मी लिहीत नाही. वाईट दुसरं काही नाही, रिपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे, मी तो रोज काढून वाचते.

आज सकाळी वहिनी ग्लानीत "बिट्टी जेवली का" असं विचारत होती. मी जेवली म्हणून सांगितलं. ते खरं करायचं काम तुझं. ओरडू नकोस, तिच्यासमोर बसून तूच पोटभर जेव.

तुझी बहीण


३० जून

वन्सं,

घरी येऊन तीन आठवडे होत आले, पण बसून लिहायला आजच जमलं. आता सगळंच बसून करते. ह्यांनी ओट्याजवळ स्टूल आणून ठेवलंय आणि मी उभी दिसले की गाडीवरच्या माणसाला हाकारतात तसं "बसा" म्हणतात.

जखम भरलीय. खाल्लेलं पचतं. पहिल्यांदा पोटभर जेवले त्या दिवशी दुखायची वाट बघत दोन तास बसून राहिले होते. दुखलं नाही. तरी अजून प्रत्येक जेवणानंतर थोडा वेळ जीव मुठीत असतो. आई आठवते. तिलाही कदाचित खडेच असतील आणि उशीर झाला असेल, असं मनात येतं, आणि मग ते मनातून काढून टाकते, कारण त्याचं आता काही करता येत नाही.

बिट्टीचं सांगते. ती लगेच बदलली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी तिच्यासमोर ताट घेऊन बसते. मी घास घेतला की ती घेते, मी थांबले की थांबते. मला भूक नसली तरी तिच्यासाठी खावं लागतं आणि पोट बिघडतंय की काय अशी धास्ती वाटते. एकदा मी पाणी प्यायला थांबले तर तिने कडेला भात सारायला सुरुवात केली. मी म्हटलं, "तो तुझा आहे, मला माझा आहे." तिने माझ्या ताटात वाकून बघितलं, खात्री केली आणि मग खाल्ला. शाळेतल्या बाई म्हणतात आता रांगेत बसत नाही. पण चेहरा अजून भरला नाही. रात्री झोपल्यावर मी तिच्या मनगटाभोवती बोटं धरून बघते. कधी वाटतं भरलं, कधी वाटतं नाही.

काल संध्याकाळी मात्र एक झालं, ते सांगायलाच हे पत्र. मी तव्यावर बटाटे भाजले होते, कडेने लाल होईपर्यंत. सगळे खाऊन शेवटचा एक राहिला. आम्हा दोघींचे हात एकदमच गेले. तिने लगेच हात मागे घेतला आणि म्हणाली, "मला नको."

तो आवाज मी ओळखते. मीच तो तिला शिकवलाय. एरवी मी म्हटलं असतं, "घे गं, मला कुठे भूक आहे?" तोंडावर आलंही होतं. पण मी बटाटा उचलला, मीठ लावलं आणि तिच्यासमोर अख्खा खाल्ला. हे बघतच राहिले. बाबांचा घास हातातच राहिला.

बिट्टीचा ओठ थरथरायला लागला. म्हणाली, "मला हवा होता."

"मग नको का म्हणालीस?"

"तू नेहमी मला देतेस."

"हवा असेल तर हवा म्हणायचं. मला हवा होता, मी खाल्ला."

भोकाड पसरलं तिने. ह्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी कुणाचा खून केलाय. माझेही डोळे भरले होते, पण मी जागची हलले नाही. रडून झाल्यावर ती उठली, टोपलीतला सगळ्यांत मोठा बटाटा शोधून आणला आणि माझ्यापुढे आपटला. "हा भाज. हा माझा. ह्यातला तुला नाही."

मी तो भाजून दिला. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने तो सगळा खाल्ला. मी मागितला, वन्सं, बघायचं म्हणून मागितला. तिने मला कणही दिला नाही.

तुमची वहिनी